जालबद्ध नोंदींची निर्बंधपरीक्षा : मनमाड जंक्शनवरून एक चिकित्सा

साधनांत जी नोंद आढळते ती तशीच खरी धरूं नये. तिचा काळ, तिचें स्थळ, तिचा सांगणारा आणि इतर नोंदींशीं तिची असलेली सुसंगति हीं पाहून मगच ती पदरांत घ्यावी, हा दंडक या पृष्ठांच्या वाचकांस नवा नाहीं. जंत्री घेऊन तिथिवारांचा मेळ पाहणें, वंशावळींत मुलगा बापाच्या आधीं जन्मलेला तर नाहीं ना हें तपासणें, एकच असामी एकाच दिवशीं दोन दूरच्या मुक्कामीं दाखविली असल्यास शंका घेणें, हीं सर्व त्याच दंडकाचीं अंगें होत. अलीकडे मात्र हें काम माणसाच्या हातून यंत्राच्या हातीं जाऊं लागलें आहे. नोंदी वहींत किंवा कोष्टकांत न ठेवतां एकमेकींस जोडलेल्या जालाच्या रूपानें मांडावयाच्या, त्या जालास कांहीं तार्किक निर्बंध लावावयाचे, आणि जाल त्या निर्बंधांस उतरतें कीं नाहीं याचा निर्वाळा गणकयंत्राकडून घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. तिचे फायदे उघड आहेत. परंतु यंत्राचा निर्वाळा अनपेक्षित आला म्हणजे दोष कोठें शोधावा, आणि तो अपेक्षेप्रमाणें आला म्हणजे निश्चिंत राहावें काय, या दोन प्रश्नांचा विचार इतिहासाच्या दृष्टीनें व्हावा तितका झालेला नाहीं. तो करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें जुलै २०१७ मध्यें ‘शेप्स कन्स्ट्रेंट लँग्वेज’ या नांवाचें प्रमाण प्रसिद्ध केलें. त्याचें लघुरूप ‘शॅकल’ असें आहे. या पद्धतींत प्रत्येक नोंद हें तीन पदांचें एक वाक्य असतें : एक वस्तु, तिचा संबंध, आणि तो ज्याच्याशीं आहे ती दुसरी वस्तु किंवा संख्या. ‘मनमाड – ज्यावर आहे – दौंड-मनमाड मार्ग’ हें असें एक वाक्य झालें. अशीं वाक्यें एकत्र आलीं कीं बिंदु आणि दुवे यांचें जाल होतें. निर्बंध निराळ्या जालांत लिहितात. कोणत्या बिंदूंची परीक्षा करावयाची आणि त्यांच्या दुव्यांविषयीं कोणत्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत, हें त्यांत सांगितलेलें असतें. यंत्र दोन्ही जालें ताडून पाहतें व शेवटीं ‘अनुरूप’ किंवा ‘अननुरूप’ असा निर्वाळा देतें, आणि जेथें अट मोडली असेल तेथील बिंदु, संबंध व मूल्य यांची यादी पुढें ठेवतें.

परीक्षेसाठीं आम्हीं मनमाड निवडलें, याचें कारण तें गांव हेंच मुळीं एक जोड आहे. नाशिक जिल्ह्यांतील या ठिकाणीं तीन दिशांचे लोहमार्ग येऊन मिळाले. जी. आय. पी. रेल्वेचा मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग हा पहिला. १८७८ मध्यें दौंडहून अहमदनगरवरून येणारा मार्ग खुला झाला, तो दुसरा. त्यानें त्याच कंपनीचा ईशान्येकडील मार्ग आग्नेयेकडील मार्गास परस्पर जोडला. हे दोन्ही ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमध्यें साडेपांच फूट अंतर असलेले. तिसरा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मार्ग, सुमारें १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखांतून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या बाजूनें येऊन मनमाडास मिळाला. तो मात्र मीटरगेज होता. त्यामुळें एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर जाऊं शकत नसे. उतारूंनीं उतरावें, मालाचे डबे रिकामे करावे, हमालांनीं पोतीं एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत घालावीं, आणि मग पुढचा प्रवास सुरू व्हावा, हा येथील व्यवहार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत, म्हणजे मराठवाड्याकडील मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत, चालला. मनमाडच्या वाढीचें एक मोठें कारण हा मापांचा भेद होय. इतिहासकारानें हें ध्यानांत ठेवून पुढील परीक्षा पाहावी.

आम्हीं या तीन मार्गांचें एक लहान जाल मांडलें आणि त्यास साधे दिसणारे निर्बंध लावले. पहिला निर्बंध असा : ‘प्रत्येक स्टेशनास रुळांचें माप जास्तींत जास्त एक असावें.’ नियम वाजवी वाटतो. बहुतेक स्टेशनांस तो लागूहि पडतो. परंतु मनमाडच्या बिंदूस दोन मापें आढळून यंत्रानें तो दोषी ठरविला. आतां घाईच्या लिपिकाची प्रवृत्ति कोणती होईल ? दोहोंपैकीं एक माप काढून टाकावें, म्हणजे निर्वाळा ‘अनुरूप’ येईल आणि काम संपेल. असें केल्यास नोंद निर्दोष होते, पण मनमाडचा इतिहास पुसला जातो. जेथें दोन मापें मिळालीं तेथेंच हमालांचा तांडा, मालाचीं कोठारें आणि उतारूंचा मुक्काम होता. तें दुसरें माप खोडलें कीं हें सर्व निष्कारण होऊन बसतें. येथें दोष नोंदीचा नसून नियमाचा आहे. माप हा स्टेशनाचा गुण नव्हे, मार्गाचा गुण आहे. नियम मार्गास लावावयास हवा होता.

म्हणून आम्हीं तो मार्गास लावला. तरीहि मराठवाड्याकडील मार्ग दोषी ठरला. कारण तो प्रथम मीटरगेज व नंतर ब्रॉडगेज होता आणि जालांत दोन्ही गोष्टी काळावांचून लिहिल्या होत्या. येथें नोंदहि खरी आणि नियमहि खरा. उणीव मांडणीची आहे. ‘अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत मीटरगेज’ असा काळाचा एक निराळा बिंदु मध्यें घालून त्यास माप जोडलें, तेव्हां तो दोष मिटला. मालकीचेंहि असेंच आहे. जी. आय. पी. आणि निजाम स्टेट या दोन्ही रेल्वे १९५१ मध्यें मध्य रेल्वेंत विलीन झाल्या. तेव्हां ‘मार्गाचा चालक एकच’ हा नियम काळ सांगितल्यावांचून लावणें म्हणजे पेशवाईंतील आणि कंपनी सरकारांतील जमाबंदी एकाच पानावर बेरजेस घेण्यासारखें आहे.

तिसरी अडचण नांवांची. जुन्या इंग्रजी कागदांत ‘धोंड’ असें लिहिलेलें स्टेशन आजच्या नोंदींत ‘दौंड’ आहे. औरंगाबाद शहराचें नांव २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर झालें, अहमदनगरचें २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. दोन निरनिराळ्या साधनांतून जाल भरलें म्हणजे एकाच गांवाचे दोन बिंदु होतात. मग ‘मार्गाचें अखेरचें स्टेशन एकच असावें’ हा नियम लावतांच धोंड व दौंड हीं दोन अखेरचीं स्टेशनें मोजलीं जातात आणि मार्ग दोषी ठरतो. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत घेतला पाहिजे. जालांतून नवें ज्ञान अनुमानानें काढणारी दुसरी एक पद्धति आहे. तिचें नांव ‘औल’. तिला हाच नियम सांगितला तर ती दोष दाखवीत नाहीं. उलट ‘शेवट एकच असावा असा नियम आहे, अर्थीं धोंड व दौंड हीं एकच होत’ असें अनुमान करते. शॅकल मात्र बिंदु जसे लिहिले असतील तसे मोजतें. दोन नांवें एकाचींच आहेत असें निराळें वाक्य जालांत घातलें तरी मोजतांना तें त्याचा विचार आपण होऊन करीत नाहीं. एका पद्धतीची अपेक्षा मनांत धरून दुसरीचा निर्वाळा वाचणारास येथें आश्चर्य वाटतें. पण त्यांत यंत्राचा कांहींच अपराध नाहीं.

अंकांचा गोंधळ याहून क्षुल्लक, पण फार त्रासदायक. ‘मार्ग खुला झाल्याचें वर्ष रूपांतराच्या वर्षाच्या आधीं असावें’ हा नियम कोणासहि मान्य होईल. पण एक वर्ष ‘वर्ष’ या जातीचें आणि दुसरें केवळ अक्षरांची ओळ म्हणून लिहिलेलें असलें, तर त्यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. आणि जेथें तुलना होऊं शकत नाहीं तेथें अट मोडली असेंच शॅकल धरतें. वर्ष देवनागरी अंकांत लिहून त्यास वर्षाची जात दिली, तरी तें अमान्य ठरतें. कारण त्या जातीचें मान्य लेखन इंग्रजी अंकांतलेंच आहे. मराठी दप्तरांवरून जालें भरणारांनीं ही गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी. मूळ कागदांतील अंक जसाच्या तसा एका दुव्यावर आणि तपासणीसाठीं केलेलें रूपांतर दुसऱ्या दुव्यावर, असें दोन्ही ठेवणें उत्तम.

मनमाडच्या रेल्वेच्या वर्षांत पंचांगाचा प्रश्न उद्भवत नाहीं. पण हेंच जाल गांवाशेजारच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यापर्यंत नेलें, तर तो उद्भवतो. हा किल्ला १६३५ मध्यें मोगलांनीं घेतला. म्हणजे आपण सतराव्या शतकांत आलों. आणि त्या शतकांतील इसवी तारखा लिहितांना यंत्राचें पंचांग कोणतें हें विचारणें भाग पडतें. याचें सर्वांस परिचित उदाहरण जेधे शकावलीचें आहे. लोकमान्य टिळकांनीं प्रकाशांत आणलेल्या या शकावलींत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. तीवरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते. ही तारीख तपासण्यासाठीं कोणी ‘लिहिलेला वार तारखेच्या वाराशीं जुळावा’ असा निर्बंध प्रश्नभाषेच्या साहाय्यानें रचला, तर यंत्र शकावलीस खोटी ठरवील. कारण यंत्राची ‘तारीख’ ही जात ग्रेगरियन पंचांग मागील सर्व काळावर ताणून मोजते, आणि त्या मोजणीनें १९ फेब्रुवारी १६३० रोजीं मंगळवार येतो. वस्तुतः ही तारीख जुन्या, म्हणजे जूलियन पंचांगाची आहे. त्या शतकांत दोन्ही पंचांगांत दहा दिवसांचें अंतर होतें. तोच दिवस ग्रेगरियन मोजणीनें १ मार्च १६३० होतो, आणि त्या दिवशीं शुक्रवारच येतो. शकावलीकारानें वार बरोबर लिहिला होता. चुकीची होती ती परीक्षकाची मोजपट्टी. यंत्राच्या निर्वाळ्यावरून जर कोणी शुक्रवार खोडून मंगळवार लिहिला असता, तर एका विश्वसनीय साधनाची साक्ष आपल्याच हातानें बिघडविल्यासारखें झालें असतें.

येथवर पाहिले ते खोटे दोष. ते निदान डोळ्यांपुढें येतात, म्हणून त्यांची चौकशी होते. खोटी निर्दोषता याहून घातक. कारण ती कोणासहि कांहीं सांगत नाहीं. तिचे तीन प्रकार आम्हांस मनमाडच्या जालांत करून पाहतां आले.

पहिला प्रकार असा. आम्हीं ‘स्टेशन’ या वर्गास नियम लावला, पण मनमाडची नोंद ‘जंक्शन’ या वर्गांत केली होती. जंक्शन हा स्टेशनाचाच एक पोटवर्ग आहे, हें वाक्य निराळ्या संज्ञाकोशांत होतें. तपासावयाच्या जालांत तें नव्हतें. शॅकल पोटवर्ग मानतें, पण तें नातें तपासावयाच्या जालांतच लिहिलेलें असावें लागतें. परिणाम असा कीं मनमाडची परीक्षाच झाली नाहीं आणि निर्वाळा ‘अनुरूप’ आला. दुसरा प्रकार नोंद नसण्याचा. ‘खुला झाल्याचें वर्ष चार अंकांचें असावें’ या नियमांत, ज्या मार्गास वर्षच लिहिलेलें नाहीं तो मार्ग बिनतक्रार उतरतो; कारण जें मूल्य नाहीं तें अट मोडूं शकत नाहीं. ‘निदान एक वर्ष असलेंच पाहिजे’ अशी निराळी अट घातल्यावांचून हें रितेपण दिसत नाहीं.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. ‘मनमाडास जी. आय. पी.चा एखादा मीटरगेज मार्ग होता काय ?’ हें पाहण्यासाठीं आम्हीं दोन अटी लिहिल्या : स्टेशनाच्या मार्गांपैकीं कोणाचें तरी माप मीटरगेज असावें, आणि स्टेशनाच्या मार्गांपैकीं कोणाचा तरी चालक जी. आय. पी. असावा. मनमाड दोन्ही अटींस उतरलें. पण जी. आय. पी.चे तेथील मार्ग ब्रॉडगेज होते आणि मीटरगेज मार्ग निजामाकडील होता. एका मार्गाचें माप आणि दुसऱ्याचा चालक यांची सांगड घालून यंत्रानें जें होतें असें मानूं दिलें, तसा मार्ग कधींच नव्हता. एकाच मार्गांत दोन्ही गुण हवे असतील तर ‘या दोन्ही अटी पाळणारा निदान एक मार्ग असावा’ अशा संयुक्त रूपानेंच नियम लिहिला पाहिजे. शॅकलमध्यें त्याची सोय आहे. दोन साक्षीदारांनीं दोन निरनिराळ्या गोष्टी सांगाव्या आणि न्यायाधीशानें त्यांची एक तिसरीच गोष्ट करावी, तसा हा प्रकार होय.

आतां मूळ प्रमाणाविषयीं. त्याचे गुण मोठे आहेत. दोषाची यादी देतांना कोणता बिंदु, कोणता संबंध, कोणतें मूल्य आणि कोणती अट हें सर्व तें स्वतंत्रपणें सांगतें. त्यामुळें चौकशीस धागा मिळतो. नियम नोंदींपासून अलग ठेवल्यामुळें नियमांचीहि चिकित्सा करतां येते, हा गुण तर इतिहासाभ्यासकास विशेष उपयोगी. परंतु तीन उणिवा सांगितल्या पाहिजेत. एक, किती बिंदूंची परीक्षा झाली हें निर्वाळ्यांत सांगण्याचें बंधन प्रमाणानें घातलेलें नाहीं. त्यामुळें शंभर बिंदु तपासून आलेला ‘अनुरूप’ आणि एकहि न तपासतां आलेला ‘अनुरूप’ हे दिसावयास सारखेच. दोन, दोषांस उल्लंघन, इशारा व माहिती अशा तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. पण केवळ ‘माहिती’ या पायरीची एक जरी ओळ आली तरी २०१७ च्या प्रमाणाप्रमाणें सर्व जाल ‘अननुरूप’च ठरतें. तीन, जो नियम फिरून स्वतःकडेच येतो, उदाहरणार्थ ‘ज्याचें शेजारचें स्टेशन या नियमास उतरतें तें स्टेशन योग्य’, त्याचा अर्थ प्रमाणानें ठरवून दिलेला नाहीं. तो यंत्र रचणारांवर सोपविला आहे. लोहमार्गाच्या जालांत व वंशावळींत असे नियम सहज सुचतात, आणि मग एकाच जालाचे दोन यंत्रांकडून दोन निर्वाळे येतात.

यावर कोणी असें म्हणेल कीं, वर दाखविलेले बहुतेक दोष नियम लिहिणाराचे आहेत. प्रमाणास बोल लावणें अन्यायाचें आहे. हा आक्षेप बऱ्याच अंशीं खरा आहे आणि तो आम्ही मान्य करतों. परंतु नियम लिहिणारा चुकणार हें गृहीत धरूनच तपासणीची पद्धति रचावी लागते. परीक्षिलेल्या बिंदूंची संख्या निर्वाळ्याच्या मथळ्याशीं असती, तर मनमाड वगळलें गेल्याचें एका दृष्टिक्षेपांत कळलें असतें. ती यंत्राकडून मिळत नाहीं म्हणून ती आपण स्वतः काढली पाहिजे.

या सर्वांवरून अनपेक्षित निर्वाळ्याची चौकशी कोणत्या क्रमानें करावी हें सुचवितां येतें. प्रथम, नियमानें किती व कोणते बिंदु हातीं घेतले तें मोजावें. संख्या शून्य असल्यास पुढें जाण्यांत अर्थ नाहीं. नंतर, जाणूनबुजून एक खोटी नोंद जालाच्या प्रतींत घालून नियम ती पकडतो काय तें पाहावें. जो नियम उघड असत्य पकडीत नाहीं त्याचा ‘अनुरूप’ व्यर्थ होय. मग जाल छाटीत छाटीत दोष दाखविणारीं दोन-चार वाक्यें शिल्लक ठेवावीं. एवढ्या लहान जालांत चूक लपून राहत नाहीं. त्यानंतर नांवांची एकता, अंकांची जात, पंचांग आणि काळाची मर्यादा हीं चार पाहावीं. येवढें झाल्यावर मूळ कागद काढावा. तेथेंहि नोंद टिकत नसेल तरच तिला सदोष म्हणावें. आणि तेव्हांहि ती खोडूं नये, शेजारीं शुद्ध पाठ व तो घेण्याचें कारण लिहावें. पाठभेद तळटीपेंत जपण्याची जी शिस्त पोथ्यांच्या संपादकांनीं पाळली, तीच येथें पाळावयाची आहे.

मनमाडच्या मीटरगेजचे रूळ आतां राहिले नाहींत. पोतीं वाहून नेणाऱ्या हमालांच्या त्या पिढीचा व्यवहारहि संपला. तेथें दोन मापें एकत्र येत होतीं याची साक्ष यापुढें नोंदींनींच द्यावयाची आहे. ‘एका स्टेशनास एकच माप’ या नीटनेटक्या नियमापायीं ती साक्ष कोणी पुसूं नये, येवढ्याचसाठीं हा लेख लिहिला. वंशावळी, मुक्कामांच्या याद्या व शकावल्या यांचीं जालें करणारांनीं आपापले अनुभव याच दृष्टीनें प्रसिद्ध करावे, अशी विनंति आहे.